किल्ली समोरच्यांकडे

आईचं नाव मी पोलिसांत दिलं, हे तिला माझ्याकडून नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवरून कळलं. मीच तिथे हौसेने लिहिलं होतं, 'आज आईची ज्येष्ठ नागरिक म्हणून पोलीस ठाण्यात नोंदणी केली. एकटे राहणाऱ्या सगळ्यांनी करून घ्यावी, पैसे लागत नाहीत.' त्याखाली अंगठे आले, टाळ्या आल्या, एका मावसभावाने फुलांचा गुच्छही पाठवला. मग आईचा फोन आला.

"मी काय गुन्हा केलाय?" तिने विचारलं.

"अगं, एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांसाठी असतं ते. दर महिन्याला पोलीस घरी येऊन विचारपूस करतात."

"म्हणजे तू येत नाहीस म्हणून पोलीस येणार."

ती असंच बोलायची. रागाने नाही, वरणात मीठ टाकावं तितक्या सहज. मी हसले आणि भाजीला काय केलंस वगैरे विचारून विषय बदलला. खरं म्हणजे हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण तिने बरोबर ओळखलं होतं.

मी वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते आणि तिथेच राहते. आई कोथरूडला. मध्ये सगळं पुणं आडवं पडलेलं. नगर रस्त्याने सिग्नल मोजत येरवड्यापर्यंत यायचं, नदी ओलांडायची, आणि मग उरलेलं शहर दुसऱ्या गिअरमध्ये पार करायचं. आमच्या घरात हे अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. आईचं घर दीड तास लांब आहे, एवढंच म्हणतो. सुरुवातीला मी दर रविवारी जायची, मग एक रविवार सोडून, मग पेपर तपासणं, मुलीचे क्लास, नवऱ्याची पाठदुखी, आणि फोन तर रोज होतोच की, असं होत होत महिन्यावर आलं. तिला वाघोलीला चल म्हटलं की ती म्हणायची, "तुमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. टँकरची वाट बघत म्हातारपण काढायला मी पस्तीस वर्षं नोकरी केली नाही."

नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, ऑफिसात टायपिस्ट म्हणून. गेटवर सही करून आत, सही करून बाहेर, पस्तीस वर्षं. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा वडिलांनी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. ते जाऊन पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून ती एकटी, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. गेल्या वर्षी ती स्वयंपाकघरात घसरली, पाय सुजला, आणि चार दिवस तिने मला फोनवर कळू दिलं नाही. पाचव्या दिवशी तिच्या कामवाल्या बाईने सांगितलं. त्या रात्री मी नवऱ्याशी भांडले, त्याचा काही संबंध नसताना. आणि पुढच्या शनिवारी पोलीस ठाण्यात गेले.

पोलीस ठाण्याची पायरी मी त्याआधी एकदाच चढले होते, पासपोर्टच्या वेळी. आत शिरताना माणूस उगाचच नम्र होतो, तशी मी झाले. अंगणात जप्त केलेल्या दुचाक्या एकमेकींवर रेलून गंजत होत्या. टेबलाशी एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर. मी "साहेब" म्हणाले. ते म्हणाले, "बसा. पाणी घ्या आधी." मग त्यांनी खणातून एक फॉर्म काढला आणि फॉर्मपेक्षा जास्त वेळ माझ्याशी बोलले. आईला दिवसा आतून कडी लावू देऊ नका, नुसतं लॅच पुरे, म्हणजे बाहेरून किल्लीने उघडता येतं. कामवालीचा फोटो आणि पत्ता आणून द्या. अडचणीचा तो तीन आकडी नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. दर महिन्याला आमची माणसं येतील, त्यांचं ओळखपत्र बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही, पोलीस असला तरी. मला हे सगळं ऐकून इतकं हलकं वाटलं की वर्षानुवर्षं उचललेलं काहीतरी कुणाच्या तरी टेबलावर ठेवून मी मोकळी होते आहे, असंच वाटलं. आता लिहिताना त्या हलकेपणाची लाज वाटते.

फॉर्मवर वय, आजार, रक्तगट, जवळचा दवाखाना, नातेवाईक असे रकाने होते. शेवटून दुसरा रकाना होता, 'घराची जादा किल्ली कोणाकडे आहे'. तो मी कोरा ठेवला.

"हे राहिलं," हवालदार म्हणाले.

"किल्ली माझ्याकडे आहे. वाघोलीला."

"वाघोलीची किल्ली काय कामाची, मॅडम? शेजाऱ्यांकडे द्या एक. समोर कोण राहतं?"

समोर काका राहत होते. म्हणजे एके काळी काका होते, त्यानंतर ते नुसते 'समोरचे' झाले होते. घड्याळात सव्वाचार वाजले होते, आणि पाचच्या आत निघाले नाही तर नगर रस्त्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं. उद्या रविवार आहे, उद्या आईकडे येऊन किल्लीचं काहीतरी करू, असं म्हणून मी त्या रकान्यात लिहिलं, 'समोरच्या फ्लॅटमध्ये. आहे.' छान वळणदार लिहिलं. शिक्षकाचं अक्षर.

समोरच्यांचं काय झालं होतं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे कुणाला पटणार नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या दाराला बाहेरून एक लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं. ते बाहेरच्या बाजूला उघडत असे. पहिल्याच दिवशी ते उघडलं आणि आईच्या कढीपत्त्याच्या कुंडीवर आपटलं. कुंडी फुटली. ते म्हणाले, "कुंडी माझ्या दाराच्या वाटेत होती." आई म्हणाली, "दार माझ्या कुंडीच्या वाटेत आलं. कुंडी आधी होती." एवढंच. यापुढे एक शब्दही झाला नाही, अकरा वर्षं. त्याआधी दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे असायच्या. ते बाहेरगावी गेले की आई त्यांच्या तुळशीला पाणी घालायची. कुंडी फुटल्यानंतरच्या रविवारी आईने मला रविवार पेठेत पिटाळलं आणि नवीन लॅच आणायला लावलं. जुनी किल्ली परत मागायची तर बोलावं लागलं असतं, आणि बोलण्यापेक्षा कुलूप बदलणं तिला सोपं वाटलं. मी लॅच आणलं, सुतार बोलावला, आणि दारातला लाकडाचा भुसा मीच झाडला. मला तेव्हा सगळा प्रकार गमतीचा वाटला होता. कॉलेजात मी तो रंगवून सांगितला होता.

पण यात एक गंमत अशी की दिवाळीचा फराळ चुकला नाही. दोन्ही घरांतून ताट निघायचं आणि ते वॉचमन इकडून तिकडे पोहोचवायचा. समोरच्या काकू गेल्या त्या दिवशी आईने पिठलं-भात केला आणि तोही वॉचमनच्या हाती पाठवला. पातेलं घासून परत आलं, वॉचमनच्याच हाती. तीन पावलांचा जिना-पॅसेज, पण ओलांडायचा नाही, असं दोघांनी न बोलता ठरवलेलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी आईकडे गेले, जाताना दुकानातून नव्या लॅचची एक किल्ली करून घेऊन. जेवताना विषय काढला.

"त्यांच्याकडे किल्ली?" आई म्हणाली. "त्यापेक्षा मी आत मेलेली बरी."

आणि हसली. मीही हसले. तिचं बोलणं ऐकून हसायची सवयच होती आम्हाला. मी तिला चोरून ती किल्ली समोर देऊ शकले असते. घंटी वाजवायची, "काका, ही ठेवा" म्हणायचं, बस. पण अकरा वर्षं मीही त्यांच्याशी बोलले नव्हते. आईचं भांडण मी तिच्या साड्यांसारखं वापरत आले होते, माझं नसताना. ती नवी किल्ली माझ्या पर्सच्या चेनच्या कप्प्यात गेली आणि फॉर्मवरचा रकाना जसा होता तसाच राहिला. पुढच्या वेळी बघू, म्हटलं.

पहिल्या महिन्यात जी पोलीस आली ती पंचविशीतली मुलगी होती, अमरावतीकडची, नव्याने पुण्याला बदलून आलेली. आईने ओळखपत्र मागितलं, ते चष्मा लावून वाचलं, फोटोशी तोंड ताडून बघितलं आणि मगच दार उघडलं. मुलीने विचारलं, "आजी, काय करून राहिल्या?"

"पहिली गोष्ट, काकू म्हण," आई म्हणाली. "दुसरी गोष्ट, 'करून राहिल्या' नाही, 'करताय'. ये आत."

मग रजिस्टर पुढे आलं. भेटीची तारीख, वेळ, शेरा आणि ज्येष्ठ नागरिकाची सही. सही म्हटल्यावर माझ्या आईची कळी खुलली. पस्तीस वर्षं गेटवर सही केलेल्या बाईला निवृत्तीनंतर कुणी सही मागितलीच नव्हती. तिने सही केली आणि त्या मुलीला सांगितलं की वेळेचा रकाना फार लहान आखलाय, तुमच्या साहेबांना सांग.

दर महिन्याचा दुसरा गुरुवार, सकाळी अकरा. आई साडेदहालाच तयार व्हायची. रवा भाजून ठेवायची, म्हणजे मुलगी आली की गरम शिरा करता यावा. मुलगी तिला कामाचं सांगायची, आई तिला बोलायला शिकवायची. मला हे सगळं फोनवर कळायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवा वाटायचा. एकदा कुणीतरी आईला फोन करून सांगितलं की आम्ही पोलीस बोलतोय, तुमच्या नावाने बेकायदा पार्सल सापडलंय, खोलीतून हलू नका. आई म्हणाली, "आमच्याकडे आमची पोलीस येते. तिला विचारून कळवते." आणि फोन ठेवला. पुढे आठवडाभर ती हे सगळ्यांना सांगत होती. पुढेपुढे फोनवर माझ्याशी बोलतानाही तिच्या तोंडून निघून जायचं, "काय करून राहिलीस?" मग स्वतःच थांबायची आणि म्हणायची, "बिघडले मी."

असे आठ गुरुवार झाले.

नवव्या गुरुवारी माझी परीक्षेची ड्युटी होती. ड्युटीला फोन बरोबर ठेवता येत नाही, म्हणून तो पर्समध्ये, पर्स स्टाफरूमच्या कपाटात. त्याच पर्समध्ये ती किल्लीही. बारा वाजून दहा मिनिटांनी मी कपाट उघडलं तेव्हा त्या मुलीचे सात फोन येऊन गेलेले होते. मी उलटा फोन लावला.

"ताई," ती म्हणाली, "काकूंना दवाखान्यात नेऊन राहिलो. तुम्ही निघा."

बाकीचं तिने मला नंतर सांगितलं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून. अकराला तिने घंटी वाजवली. दार उघडलं नाही. आतून नळाचा आवाज येत होता. तिने दार वाजवलं, हाका मारल्या, मला फोन लावला, पुन्हा लावला. मग रजिस्टरला लावलेली आईच्या फॉर्मची प्रत उघडली आणि किल्लीचा रकाना बघितला. तिने समोरची घंटी वाजवली.

काका बाहेर आले. मुलगी म्हणाली, "काकूंची किल्ली द्या, तुमच्याकडे आहे ना." काका नाही म्हणाले नाहीत, कोणती किल्ली असं विचारलं नाही. आत गेले आणि लगेच किल्ली घेऊन आले, म्हणजे ती कुठे आहे ते त्यांना शोधावं लागलं नाही. मुलीने ती लॅचला लावली. आत गेली, पण फिरली नाही. काका म्हणाले, उलटी घालून बघा. मग त्यांनी तिच्या हातातून घेऊन स्वतः लावून बघितली. तीनदा. मुलगी म्हणाली, "त्यांचा हात इतका कापत होता ताई, मले वाटलं म्हणूनच लागून नाही राहिली."

दिवसा आतून कडी लावायची नाही, हे आईने पोलिसांचं ऐकलं होतं. नुसतं लॅच होतं. खरी किल्ली असती तर अकरा वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं असतं.

वॉचमनने आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांनी दाराला खांदे लावून बघितले. दार सागवानी, वडिलांनी हौसेने करून घेतलेलं, ते हललं नाही. मुलीने अग्निशमनच्या लोकांना बोलावलं होतं, ते आले, शिडी लावली, गॅलरीची जाळी कापली आणि आत उतरले. आई न्हाणीघराच्या दारात पडली होती. श्वास चालू होता. बारा वाजायला पाच मिनिटं कमी होती. ओट्यावर कढईत भाजलेला रवा होता.

मी पोहोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. दीड तास, नेहमीसारखा. येरवड्याच्या सिग्नलला मी उभी होते आणि शेजारच्या गाडीत कुणीतरी जोरजोरात हसत होतं, एवढंच त्या प्रवासातलं आठवतं. आई अतिदक्षता विभागात होती. मेंदूत रक्तस्राव. मी डॉक्टरांना विचारलं, पाऊण तास आधी आणलं असतं तर? ते तरुण होते, भले होते. ते म्हणाले, "सांगता येत नाही." ते 'नाही, काही फरक पडला नसता' असं म्हणाले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. 'हो, वाचल्या असत्या' म्हणाले असते तरी निदान मला माझी जागा कळली असती. सांगता येत नाही. गेले सहा महिने मी त्या तीन शब्दांशी भांडते आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मी तिचा हात धरून बसले होते आणि तो हात माझ्याकडे काही मागत नव्हता.

पडून झालेला मृत्यू, त्यामुळे पोलिसांनी जबाब घेतला. तेच हवालदार होते. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि लिहू लागले. आई एकटी राहत होती का, आजार काय होता, कुणाबद्दल काही संशय. मी उत्तरं दिली. किल्लीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खाली सही केली. आईच्या घरी गेले तर दाराशी एक झाकलेलं पातेलं घेऊन समोरचे काका उभे होते. वॉचमन नव्हता बरोबर. पिठलं होतं. त्यांनी स्वतः केलेलं असावं, कारण त्यात गुठळ्या होत्या. त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं आणि वळून गेले. पातेलं घेऊन ती तीन पावलं अकरा वर्षांत पहिल्यांदा वॉचमनशिवाय कुणी ओलांडली होती, आणि ज्या दोघांनी ओलांडायची, त्यांतलं एक घरात नव्हतं.

चौदावा होऊन पंधरवडा झाल्यावर मी एकटीच घर आवरायला गेले. आवरणं म्हणजे काय, एकेक डबा उघडायचा, त्यावरचं तिच्या टपोऱ्या अक्षरातलं लेबल वाचायचं आणि पुन्हा बंद करायचा. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, वातींच्या पुड्याखाली, एक किल्ली सापडली. तिला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. त्यावर लिहिलं होतं, 'समोरचे'.

अकरा वर्षं. दोघांनीही परत केली नव्हती. दोघांनीही टाकलीही नव्हती.

त्या दिवशी दुसरा गुरुवार होता हे माझ्या लक्षात नव्हतं. अकरा वाजता घंटी वाजली. ती पोलीस मुलगी होती, काखेत रजिस्टर. आईचं नाव यादीतून कमी करायचं होतं, त्यासाठी माझी सही हवी होती. ती आत येऊन तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली, मग एकदम उठली आणि दुसऱ्या खुर्चीवर बसली. तिने पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. आठ तारखा, आठ वेळा, आईच्या आठ सह्या. शेऱ्याच्या रकान्यात दर वेळी मुलीच्या अक्षरात, 'तब्येत ठीक. मुलगी दर रविवारी येते.' आठ वेळा.

"हे तिने सांगितलं?" मी विचारलं.

"मी दर वेळेला विचारायची. काकू सांगायच्या, लिही, दर रविवारी येते." तिने रजिस्टरवरून मान वर केली. "येत होत्या ना, ताई?"

त्या आठ महिन्यांत मी सात वेळा गेले होते. मी पर्स उघडली, चेनच्या कप्प्यातून ती किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. तिला सांगितलं की फॉर्मवर मी लिहिलं ते खोटं होतं. किल्ली समोर दिलीच नव्हती, ती इथे होती, माझ्यापाशी. तू ज्या किल्लीने दार उघडत होतीस ती अकरा वर्षांपूर्वीची होती, आणि हे नवीन लॅच मीच आणलेलं होतं.

तिने ती किल्ली उचलून उलटसुलट बघितली. "मी फॉर्म पाहून वेळ घालवला," ती म्हणाली. "किल्ली नाही असं लिहिलेलं असतं, तर मी आधीच अग्निशमनची गाडी बोलावली असती." तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. ती तिच्या कामाचं सांगत होती. मला वाटलं, तिने मला चार शब्द सुनावावेत. तिने डोळे पुसले आणि पेन पुढे केलं. मी सही केली, आईच्या आठ सह्यांखाली.

दार उघडंच होतं. समोरचे काका त्यांच्या जाळीच्या दाराआड उभे होते, किती वेळ ते माहीत नाही. सगळं ऐकलं असणार. मी उठले, देव्हाऱ्याच्या खणातली किल्ली घेतली आणि त्यांच्याकडे गेले. त्यांनी पुठ्ठ्यावरचं अक्षर वाचलं. किल्ली घेतली नाही. ते जाळीचं दार उघडून बाहेर आले, मागचं आतलं दार त्यांनी ओढून घेतलं, लॅच पडलं, आणि म्हणाले, "लावून बघ."

किल्ली पहिल्या फटक्यात फिरली.

"मी बदललं नव्हतं," ते म्हणाले.

मी तिथेच, त्यांच्या उंबऱ्याशी बसून रडले. ते उभेच राहिले. मला समजवायला ते पुढे आले नाहीत, आणि ते बरंच झालं. जरा वेळाने ते माझ्या डोक्यावरून त्या मुलीला म्हणाले, "माझंही नाव घ्या तुमच्या रजिस्टरात. ब्याऐंशी पूर्ण. एकटा. मुलगा परदेशात."

मुलीने बॅगेतून कोरा फॉर्म काढला. त्यांचा चष्मा सापडेना, म्हणून फॉर्म मी भरायला घेतला. नाव, वय, रक्तदाब, साखर नाही, मुलाचा नंबर. शेवटून दुसऱ्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. समोरच्या फ्लॅटमध्ये आता कुणी राहत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडे ठेवू का किल्ली, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या मुठीतल्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"ती आहे की तुझ्याकडे. असू दे." मग म्हणाले, "या वेळी खरं लिही."

मी लिहिलं, 'किल्ली माझ्याकडे, वाघोलीला. यायला दीड तास लागतो.' मुलीने ते वाचलं, त्याखाली रेघ मारली आणि पुढच्या गुरुवारची वेळ काकांना विचारली.